‘इतर परिस्थिती कायम असताना’ या पळवाटेचं काय करायचं? पॉपर, अर्थशास्त्र आणि आपल्याकडचा बटाटा-ऊस

रामलिंगखिंड

मागणीचा नियम पाठ्यपुस्तकात ‘इतर परिस्थिती कायम असताना’ या चार शब्दांसकट येतो. किंमत वाढली आणि खपही वाढला तरी नियम खोटा ठरत नाही. इतर काहीतरी बदललं असणार, असं म्हणून आपण पान उलटतो. जर्मन तत्त्वज्ञ हान्स आल्बर्टनं १९६३ साली या सवयीला ‘मॉडेल-प्लेटोवाद’ असं नाव दिलं. ‘इतर’ म्हणजे काय काय, याची यादी दिलेली नसेल तर हे चार शब्द कायमची पळवाट होतात आणि नियमाला जगाबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही, हा त्याचा आक्षेप.

चिकित्सक विवेकवाद म्हणजे कार्ल पॉपरचं विज्ञानाचं तत्त्वज्ञान. त्यावर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा काळ्या हंसापाशी थांबतं (एक काळा हंस दिसला की ‘सगळे हंस पांढरे’ हे विधान खोटं). पॉपर तिथं थांबलेला नाही. १९३४ सालच्या पुस्तकातच त्यानं मान्य केलंय की कुठलाही सिद्धांत एका निरीक्षणानं आपोआप कोसळत नाही. साहाय्यक गृहीतक बदलून, व्याख्या वळवून किंवा निरीक्षकालाच अविश्वासू ठरवून तो वाचवता येतो. म्हणून खंडनक्षमता, म्हणजे खोटं ठरू शकणं, हा नुसता विधानाचा गुण नाही, आपण पाळायचा नियम आहे: सिद्धांत वाचवायला केलेल्या दुरुस्तीनं त्याची तपासणी आधीपेक्षा सोपी झाली पाहिजे. ती अवघड होत असेल तर ती दुरुस्ती नव्हे, ठिगळ.

माझा प्रश्न असा: हा नियम बेळगावच्या बाजार समितीतल्या आकड्यांवर शेवटपर्यंत पाळून दाखवता येईल का? उदाहरणाला कॉबवेब सिद्धांत घेऊ. गेल्या हंगामाच्या दरावरून शेतकरी यंदाची लागण ठरवतो, म्हणून दर एक वर्ष चढा, एक वर्ष पडका असा झुलतो, हा तो सिद्धांत. आपल्याकडं प्रत्येकाच्या तोंडी असतो, पण तपासलेला क्वचित.

वेदगंगा

चांगलं उदाहरण निवडलंत सर. आधी सिद्धांत नेमका काय नाकारतो ते आकड्यांत मांडते, नाहीतर चर्चा हवेत राहील.

समजा मागणी: खप = १०० − २ × दर. पुरवठा: यंदाची आवक = १० + गेल्या वर्षीचा दर. तोल ३० रुपये दर आणि ४० गाड्या आवक इथं बसतो. आता एखाद्या वर्षी काही कारणानं दर ४० झाला. पुढच्या वर्षी आवक ५० आणि दर २५. त्याच्या पुढच्या वर्षी आवक ३५, दर ३२.५०. मग २८.७५. तोलापासूनचं अंतर +१०, −५, +२.५, −१.२५ असं दरवेळी निम्मं होतं आणि बाजू बदलतं.

पुरवठ्याचा उतार १ ऐवजी ३ केला (आवक = ३ × दर − ५०) तर तोल तोच, पण ३२ पासून सुरुवात केली तरी दर २७, ३४.५०, २३.२५ असा फुटत जातो. म्हणजे दर शांत होणार की उसळणार हे मागणी आणि पुरवठ्याच्या उतारांच्या गुणोत्तरावर ठरतं. दोन्हीत समान गोष्ट एकच: लागोपाठच्या दोन वर्षांच्या दरांतला सहसंबंध ऋण आला पाहिजे. सिद्धांताची मान इथं सुरीखाली आहे. बाकी सगळं तपशील.

अर्थशास्त्रज्ञ जॉन मूथनं १९६१ साली याला प्रतिस्पर्धी उभा केला. शेतकऱ्यांना हा झोका ठाऊक असेल तर ते गेल्या दरावर विसंबणार नाहीत, तोलाचाच दर धरून चालतील. मग धक्के दरवर्षी स्वतंत्र असतील तर सहसंबंध शून्याच्या आसपास येईल. दोन सिद्धांत, दोन वेगळी भाकितं. चिकित्सेला हवी ती परिस्थिती हीच.

आणि एक अडचणीची गोष्ट. डीटन आणि लारोक या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ साली १३ शेतमाल-खनिजांच्या दीर्घकालीन वार्षिक किमती तपासल्या, तर सहसंबंध धन निघाला, आणि चांगलाच मोठा. ऋणही नाही, शून्यही नाही.

तांबडी_माती

मग विषय संपला की. कॉबवेब पडला.

वेदगंगा

नाही अण्णा. मॉर्डेकाय इझिकिएलनं १९३८ साली हा सिद्धांत मांडतानाच अटी लिहून ठेवल्या होत्या: उत्पादक सध्याचाच दर पुढंही राहील असं धरतो, एकदा लागण झाली की एक पूर्ण हंगाम पुरवठा बदलता येत नाही, आणि हाती असलेल्या मालावरच दर ठरतो. म्हणजे साठवणूक जवळपास नाही. कापूस, कॉफी, तांबं साठवता येतं. साठा दोन वर्षांना जोडतो, म्हणून तिथं सहसंबंध धन येणं इझिकिएलच्या विरोधात जात नाही. अट आधी सांगितलेली होती हे महत्त्वाचं. निकाल लागल्यावर सांगितली असती तर ठिगळ.

म्हणून बटाटा घेतलात तर आधी विचारा: शीतगृहात किती जातो? आपल्या पट्ट्यातला खरीप बटाटा काढला की बहुतेक लगेच विकला जातो, पण त्याच बाजारात बाहेरून शीतगृहातला मालही उतरतो. दर त्यानंही ठरतो. रताळी किंवा कोबी जास्त स्वच्छ उदाहरण होईल.

खडेबाजार

आकड्यांबद्दल मी लिहितो, कारण सगळं इथंच बिघडतं.

समितीच्या नोंदीत क्विंटलमागं किमान, कमाल आणि मोडल असे तीन दर असतात. मोडल म्हणजे त्या दिवशी सर्वाधिक व्यवहार झाला तो दर. लोक वर्षभरातल्या मोडल दरांची सरळ सरासरी काढतात. हे चूक. ज्या दिवशी २० पोती आली आणि ज्या दिवशी ४,००० आली, दोन्ही दिवसांना सारखं वजन मिळतं. आवकेनं गुणून भारित सरासरी काढा, तीही फक्त काढणीच्या आठवड्यांची. शेतकऱ्याच्या हाती पट्टी (विक्रीची पावती) पडते ती त्या दिवसांत, मार्चमध्ये नाही.

ज्या दिवशी सौदा नाही तो रकाना रिकामा ठेवा. शून्य भरलेली तक्ताफाईल मी कितीदा तरी पाहिलीय; तेवढ्यानं सरासरी कोसळते आणि मग कुणीतरी ‘दर पडले’ म्हणून निष्कर्ष काढतो.

पट्टीवरचा दर आणि हाती पडणारा दर वेगळा. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करा. खानापूरच्या आतल्या गावाला भाडं जास्त पडतं, म्हणून दर दहा टक्क्यांनी वाढला तरी त्याच्या हाती वाढ दहा टक्के नसते.

आणि वर्ष कुठलं? पीकवर्ष जुलै ते जून, साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. एका रकान्यात लागण पीकवर्षाची आणि दुसऱ्यात दर आर्थिक वर्षाचा असं झालं की एक पायरी सरकते. वेदगंगाक्कांचं उदाहरण पाहा: एका वर्षाच्या अंतरानं बाजू उलटी, दोन वर्षांच्या अंतरानं पुन्हा तीच. म्हणजे एका पायरीच्या चुकीनं ऋण सहसंबंध धन दिसतो आणि खरा सिद्धांत खोटा ठरतो. खंडनाची घाई करण्याआधी हे तपासा.

लागणीचं क्षेत्र रयत संपर्क केंद्रातून मिळतं, एकर-गुंठ्यांत. १ एकर = ४० गुंठे. ३ एकर २० गुंठे म्हणजे ३.५ एकर. ‘३.२०’ असं दशांशात टंकलं की तीन दशांश एकर गेलं.

तांबडी_माती

आकडे नीट लावणं मान्य. पण मूळ मुद्द्याला हात घालतो. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेसची भूमिका अशी की माणूस हेतूनं वागतो एवढ्यावरून अर्थशास्त्राचे नियम निगमनानं निघतात. त्यांना निरीक्षणाची कसोटी लावणं म्हणजे भूमितीचं प्रमेय फूटपट्टीनं तपासणं. इतिहासात चलं इतकी गुंतलेली असतात की कुठलंही निरीक्षण एकाच कारणावर बोट ठेवत नाही. वर खडेबाजारांनी जे लिहिलं ते वाचून मला उलट मिझेसच पटतो. इतक्या ठिकाणी चूक होऊ शकते तर खंडन झालं हे ठरवणार कोण?

कार्ल मेंगर आणि गुस्ताव श्मोलर यांचा १८८३ पासूनचा पद्धतीचा वाद हाच होता. श्मोलर म्हणायचा आधी गावोगावचा तपशील गोळा करा. मेंगर म्हणायचा सिद्धांताशिवाय तपशील मुका असतो. बेळगाव जिल्ह्याचे सगळे तालुके पालथे घातले तरी सिद्धांत त्या आकड्यांतून उगवणार नाही.

रामलिंगखिंड

शेवटचं वाक्य पॉपरनंही लिहिलं असतं. विगमनानं सिद्धांत उगवत नाही हे त्याचं पहिलंच कलम. पण सिद्धांत निरीक्षणातून येत नाही यावरून तो निरीक्षणाला उत्तरदायी नाही असं निघत नाही. टेरेन्स हचिसननं १९३८ साली अर्थशास्त्रात हाच भेद आणला आणि अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइटनं त्याच्यावर झोड उठवली.

‘माणूस हेतूनं वागतो’ यातून ‘दर वाढला की लागण वाढते’ हे निघत नाही. मध्ये गृहीतकं घालावी लागतात: बेणं मिळतं, पाणी मिळतं, दर कळतो. ही सगळी अनुभवाची विधानं. निष्कर्षाला जगाबद्दल काही सांगायचं असेल तर त्याला या विधानांचा धोका पत्करावाच लागतो.

‘ठरवणार कोण’ हा प्रश्न खरा आहे, आणि आपल्याकडं तो जुना आहे. नैयायिक (न्यायदर्शनाचे तर्कपंडित) धूर आणि अग्नीच्या व्याप्तीत, म्हणजे कायमच्या सोबतीत, ‘उपाधी’ म्हणजे लपलेली अट शोधत. जिथं अग्नी तिथं धूर हे चालत नाही, कारण ओलं इंधन ही उपाधी त्यात लपलेली आहे. लपलेली उपाधी उघड करून विधानात घालणं म्हणजेच ‘इतर परिस्थिती’ची यादी देणं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ दुहेमनं १९०६ साली भौतिकशास्त्राबद्दल तेच म्हटलं: प्रयोगात एकटं गृहीतक कधी उभं नसतं, सगळा जथा उभा असतो.

आल्बर्टची त्रिशृंगी आपत्तीही आपल्या तर्कपरंपरेला परकी नाही. समर्थनाला समर्थन मागत गेलात तर अनवस्था. गोल फिरलात तर चक्रक. कुठंतरी हट्टानं थांबलात तर ते मत, ज्ञान नव्हे. मिझेस तिसऱ्या ठिकाणी थांबतो. चिकित्सक विवेकवादी समर्थनाचा नादच सोडतो आणि विचारतो, हे विधान टीकेला कुठून कुठून उघडं आहे?

जथ्यातलं कोण दोषी हे ठरवायला एक उदाहरण नेहमी हाताशी ठेवावं. युरेनस न्यूटनच्या हिशेबाबाहेर जात होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरियेनं न्यूटन सोडला नाही, एक न दिसलेला ग्रह मानला आणि तो कुठं दिसेल हे सांगितलं. २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेत गालेला नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. त्याच माणसानं १८५९ मध्ये बुधाच्या विचलनासाठी व्हल्कन नावाचा ग्रह मानला. तो सापडला नाही. पद्धत एकच, दोन्ही दुरुस्त्या तपासता येणाऱ्या, म्हणून दोन्ही रास्त. बुधाचे ते शतकाला ४३ विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) विचलन १९१५ साली आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघालं. ‘एक अदृश्य ग्रह आहे आणि तो कधीच दिसणार नाही’ असं म्हटलं असतं तर ते ठिगळ झालं असतं.

हिडकल

उसाचं घ्या की. हुक्केरी, चिकोडी, रायबाग, अथणी इकडं बटाट्यापेक्षा उसाचाच हिशेब मोठा.

ऊस कॉबवेबमध्ये बसत नाही असं वरवर दिसतं. केंद्र सरकार एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवतं. २०२४-२५ हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यावर क्विंटलला ३४० रुपये होते, म्हणजे टनाला ३,४००. खाली जायला कायद्यानं मज्जाव. दर झुलायलाच जागा नाही तर लागण का झुलावी? शिवाय एकदा लागण केली की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक) येतो, कुणी दोन खोडवे घेतं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, ती दीड वर्षानं तुटते. म्हणजे ‘एक हंगाम’ कुठला धरायचा हाच घोळ.

तरी लागण झुलते. माझ्या मते खरा दर एफआरपी नव्हे, थकबाकी धरून येणारा दर. नियंत्रण आदेशाप्रमाणं १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. व्याज हाती पडलं नाही असं धरा. १०० टनांचे ३,४०,००० रुपये सहा महिने अडकले तर १५ टक्क्यांनी २५,५०० गेले. टनाला २५५. म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबात दर ३,१४५ च्या आसपास, आणि तोडणी-वाहतूक त्यातनंच आणखी कापली जाते. सोसायटीचं कर्ज फिरवायचं असलं तर त्याहून कमी.

तांबडी_माती

हेच तर म्हणतोय मी. दरानं झुललं नाही, तर ‘खरा दर वेगळा’. ठिगळ.

वेदगंगा

ठिगळ की दुरुस्ती, हे तपासायला रामलिंगखिंड सरांचा नियम लावू. दुरुस्तीतून असं काही नवं निघतं का, जे आधीचा सिद्धांत सांगत नव्हता आणि जे चुकू शकतं?

निघतं. जवळजवळच्या दोन कारखान्यांची कार्यक्षेत्रं घ्या: माती सारखी, पाणी एकाच कालव्याचं, एफआरपी एकच. एकाची थकबाकी महिन्याभराची, दुसऱ्याची आठ महिन्यांची. हिडकलअण्णांचं बरोबर असेल तर पुढच्या नव्या लागणीत (खोडवा वगळून) आठ महिनेवाल्याच्या क्षेत्रात घट जास्त दिसली पाहिजे. घट सारखीच दिसली तर थकबाकीचा सिद्धांत पडला, आणि त्या वेळी ‘शेतकऱ्यांचा विश्वास’ वगैरे नवं चल काढायचं नाही. साधा कॉबवेब या दोन क्षेत्रांत फरक सांगतच नव्हता. म्हणजे दुरुस्तीनं नाकारलेल्या शक्यता वाढल्या.

खोडवा का वगळायचा? तो ठेवायचा की मोडायचा हा निर्णय वेगळ्या वेळी होतो आणि त्याला बेण्याचा खर्च नसतो. एकूण ऊसक्षेत्र घेतलंत तर दोन निर्णय एकात मिसळतात आणि परिणाम पातळ होतो.

खडेबाजार

या चाचणीत एक भोक आहे. निपाणी, चिकोडी, कागवाडकडचा ऊस सीमेपलीकडच्या कारखान्यांनाही जातो. थकबाकीवाल्या कारखान्याचा शेतकरी लागण कमी न करता ऊस पलीकडं देईल. लागण तेवढीच राहील आणि तुम्ही सिद्धांत पडला म्हणाल. म्हणून सीमेपासून लांबचा पट्टा घ्या, सौंदत्ती-बैलहोंगलकडचा. आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतरचा हंगाम कृष्णाकाठच्या गावांसाठी बाजूला ठेवा. पण हे आत्ता ठरवून लिहून ठेवा, निकाल बघून नाही.

बटाट्यातही असंच एक भोक आहे. एकराला साधारण ६ ते ८ क्विंटल बेणं लागतं. गेल्या वर्षी बटाट्याचा दर चढला की बेण्याचाही चढतो. ७ क्विंटल बेणं १,५०० च्या दरानं १०,५०० ला येतं, ३,००० च्या दरानं २१,००० ला. मग चांगल्या दरानंतर लागण वाढण्याऐवजी घटू शकते. बेण्याचा दर वेगळं चल म्हणून धरला नाही तर पुरवठ्याचा उतार उलटा निघेल.

संख्यारेषा

संख्याशास्त्राचा एक अडसर राहिला. वार्षिक सहसंबंधाची प्रमाण चूक साधारण १ भागिले √n (n म्हणजे वर्षांची संख्या). बारा वर्षांचे आकडे असतील तर ती ०.२९. म्हणजे ±०.५७ च्या आत काहीही आलं तरी शून्यापासून वेगळं म्हणता येत नाही. खरा सहसंबंध −०.३ असेल तर तो नुसता उंबरठ्यावर यायला ४३ वर्षं लागतात, आणि पाचात चार वेळा पकडायचा असेल तर ८७ च्या आसपास. इतकी वर्षं सारख्याच पद्धतीनं नोंदलेले आकडे आपल्या बाजार समितीत मिळणं अवघड.

‘आठवड्याचे दर घेऊ, ५२ पट आकडे मिळतील’ हा उपाय नव्हे. झोका पिकाच्या हंगामाचा आहे. आठवडे वाढवून हंगाम वाढत नाहीत. दहा तालुके एकत्र करूनही दहापट होत नाहीत, कारण सगळे एकाच बाजाराचा दर बघतात. म्हणून वेदगंगाक्कांची दोन कार्यक्षेत्रांची तुलना दरांच्या मालिकेपेक्षा कठोर कसोटी आहे. जी चाचणी सिद्धांत खोटा असला तरी बहुधा पार होईल, ती पार होण्याला काही किंमत नाही. बारा वर्षांच्या मालिकेवर ‘कॉबवेब खोटा ठरला नाही’ असं लिहिणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आणि आशयाच्या दृष्टीनं पोकळ आहे.

हिडकल

मग शेतकऱ्यालाच विचारलं तर? गेल्याच वर्षाचा दर तो धरतो का, हे.

रामलिंगखिंड

अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन १९५३ च्या निबंधात म्हणेल, विचारू नका. गृहीतक वास्तव आहे की नाही याला महत्त्व नाही, भाकीत बरोबर येतं का ते बघा. मला हे पटत नाही, आणि कारण याच धाग्यात आहे. भाकीत चुकलं की जथ्यातला दोषी शोधावा लागतो, आणि गृहीतकं सुटी तपासलेली नसतील तर बोट कुठं ठेवणार? विचाराच. पण लागणीच्या आधी, मे महिन्यात. ‘दर बरा राहील का’ असं नव्हे, ‘सप्टेंबरात ५० किलोच्या पोत्याला किती धरलाय’ असा आकडा मागा. काढणीनंतर विचारलं तर मिळालेल्या दराकडं आठवण सरकते.

पॉपरचं समाजशास्त्रांबद्दलचं मतही इथं अडचणीचं आहे आणि ते झाकू नये. भाकीत चुकलं तर माणूस विवेकानं वागतो हे तत्त्व सोडू नका, परिस्थितीचं चित्र बदला, असं तो सांगतो. आणि १९६७ च्या लेखात हेही मान्य करतो की ते तत्त्व सार्वत्रिक विधान म्हणून खोटंच आहे. अर्थशास्त्राच्या पद्धतीचे अभ्यासक स्पिरो लॅटसिसनं १९७२ साली आणि नंतर वेड हँड्सनं यावर बोट ठेवलं: भौतिकशास्त्राला एक नियम आणि अर्थशास्त्राला दुसरा का?

तांबडी_माती

याला तुमचं उत्तर काय?

रामलिंगखिंड

माझं उत्तर अर्धंच आहे. परिस्थितीचं नवं चित्र लागणीच्या आकड्यांतून उलटं काढलेलं नसेल, बेण्याच्या पावतीवर, थकबाकीच्या यादीवर, कालव्याच्या पाळीपत्रकावर सुटं दिसत असेल, तर तत्त्व राखून चित्र बदलणं मी मान्य करतो. असा सुटा पुरावा नसेल तर ते तत्त्व मिझेसच्या तिसऱ्या थांब्यावरच उभं आहे, आणि तिथं तुमचं म्हणणं बरोबर.

तांबडी_माती

मग तुमच्या चाचणीला एक अट जोडा: थकबाकीचे महिने कारखान्याच्या ताळेबंदातून नको. त्यात एकूण रक्कम असते, कुणाचे किती दिवस राहिले ते नसतं. शेतकऱ्यांच्या बँक पासबुकावरची जमेची तारीख आणि काट्याच्या पावतीची तारीख, यांतलं अंतर घ्या. दोन्ही क्षेत्रांत किमान तीस-तीस खाती, लहान आणि मोठे बागायतदार वेगवेगळे. एवढं करून फरक दिसला तर दुरुस्ती मी मान्य करेन.

वेदगंगा

मान्य. फरक किती, तेही आधी लिहू: आठ महिनेवाल्या क्षेत्रात नवी लागण दुसऱ्यापेक्षा किमान दहा टक्क्यांनी जास्त घटली पाहिजे. पाच आली तर मी माघार घेईन. तीस खात्यांवर दहा टक्क्यांचा फरक दिसेल का, हे संख्यारेषांनी एकदा मोजून द्यावं. नाहीतर खाती वाढवावी लागतील.

संख्यारेषा

तीस पुरणार नाहीत. खात्याखात्यातला लागणीचा बदल एकमेकांपासून २५ टक्क्यांनी विखुरलेला धरला, तर दहा टक्क्यांचा फरक पाचात चार वेळा पकडायला प्रत्येक बाजूला सुमारे शंभर खाती लागतील. विखुरण ४० टक्के असेल तर अडीचशेच्या पुढं. आधी प्रत्येकी वीस पासबुकं घेऊन विखुरणच मोजा, मग आकडा ठरवू.